आधी दाखला, मग आधार: नावातला घोळ कोणत्या क्रमाने निस्तरायचा

"अंगठाच लागस नही भाऊ." आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य माझ्या ओट्यावर ऐकू येतं. कधी रेशनचं असतं, कधी बँकेचं, कधी फळपीक विम्याचं. माणूस माझ्याकडे येतो तोवर दोन-तीनदा आधार केंद्रावर जाऊन आलेला असतो, आणि खरा घोटाळा तिथेच झालेला असतो.

काही अडलं की आपण आधी आधार बदलून आणतो. मग ते रेशन कार्डाशी जुळतं, पण शाळेच्या दाखल्याशी तुटतं. दाखल्यासाठी पुन्हा बदललं की सातबाऱ्याशी तुटतं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. या संधी चुकीच्या क्रमाने खर्च झाल्या की पुढे केंद्रावर काम होत नाही, प्रकरण आधार प्राधिकरणाच्या विभागीय कार्यालयाकडे जातं.

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. म्हणजे कार्ड आपल्याकडे सगळ्यात जुनं. पण त्या शिबिरांत नावं ऐकून टाइप झाली, तारखा अंदाजाने पडल्या आणि त्याच चुका आज प्रत्येक अर्जात डोकं वर काढतात.

पुढची कामं दिलेल्या क्रमानेच करा. मधली पायरी गाळू नका.

## १. सगळे कागद अंथरा आणि तक्ता करा

एक सुटीची दुपार काढा. घरातल्या प्रत्येकासाठी वहीचं एक पान. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा आणि आठ-अ, जातीचा दाखला, मतदार ओळखपत्र, पॅन असं एकाखाली एक लिहा. समोर रकाने पाडा: मराठीतलं नाव, इंग्रजीतलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, जन्मतारीख, गाव, मोबाईल.

नाव माणसाला विचारून लिहू नका. कागदावर आहे तसं, अक्षर न अक्षर उतरवा. आपल्याकडचा घोळ एका अक्षराचाच असतो:

- दाखल्यावर "सुमन", आधारवर "सुमनबाई". दाखल्यावर "रामदास", सातबाऱ्यावर "रामदासभाऊ". मान म्हणून जोडलेलं बाई, भाऊ, राव, सिंग संगणकाला कळत नाही. त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं.
- ज्ञानेश्वरचं इंग्रजी एका कागदावर "डी"ने सुरू होतं, दुसऱ्यावर "जी"ने.
- पाडवी, वसावे, वळवी, पावरा या आडनावांत इंग्रजी "ए" एके ठिकाणी जास्त पडतो, एके ठिकाणी गळतो. काही ठिकाणी तर पावराचं चक्क पवार झालेलं असतं.
- लेकीचा दाखला माहेरच्या नावाचा, रेशन सासरच्या, आणि बँकेत दोन्हींची खिचडी.
- जन्मतारीख १ जून. मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेली. आधारवर मात्र १ जानेवारी, कारण शिबिरात फक्त वय विचारलं होतं.

रेशनच्या बाबतीत एक जादा काम आहे. हातातल्या पुस्तिकेवरचं नाव आणि दुकानदाराच्या यंत्रातलं नाव वेगळं असू शकतं. बारा आकडी शिधापत्रिका क्रमांक घेऊन यंत्रातली नोंद पाहा आणि तक्त्यात तीच लिहा.

तपासा: जिथे फरक आहे तिथे लाल पेनाने गोल करा. एकच गोल असेल तर काम सोपं आहे. तीनच्या वर असतील तर अजून कुठेही अर्ज करू नका.

## २. मूळ कागद कोणता ते ठरवा

इथे बहुतेक लोक उलटं करतात. आधार खिशात असतं, सगळे तेच मागतात, म्हणून तेच मूळ आणि बाकीचे त्याच्याशी जुळवायचे असं धरून चालतात. कायदा तसं म्हणत नाही. आधार कायदा २०१६ च्या कलम ९ प्रमाणे आधार नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. जन्मतारखेचंही तसंच. भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढलं. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०२४ ला अपघात भरपाईच्या एका प्रकरणात मृताचं वय आधारवरून न धरता शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून धरलं. त्या घरच्यांची भरपाई त्यावर ठरली.

मग मूळ कोणतं?

जन्मतारखेसाठी जन्माचा दाखला, तो नसेल तर शाळेचा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांना कायद्याने जन्माचा दाखलाच धरला जातो, म्हणून नव्या बाळाची नोंद लांबवू नका. जमिनीसाठी सातबारा. जातीसाठी बापाची, आजाची जुनी शाळेतली किंवा महसुली नोंद. तडवी, पावरा, भिल्ल, टोकरे कोळी घरांनी या नोंदींच्या नकला लॅमिनेशन न करता कोरड्या जागी ठेवाव्यात. जात पडताळणीत अडकलेल्या पोरांचे हाल पाहिलेत, म्हणून सांगतो.

लग्न झालेल्या बायांचा प्रश्न वेगळा. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. माहेरच्या नावाने दाखला, पदवी, जातीचा कागद असेल तर ते नाव तसंच ठेवणं माझ्या मते शहाणपणाचं. नाव बदलायचंच असेल तर आधी विवाह नोंदणीचा दाखला काढा. गावात ग्रामपंचायतीतही ही नोंदणी होते. माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा पूल म्हणजे हाच कागद. "लगन तर सगळ्या गावाने पाहिलं" हा पुरावा कचेरीत चालत नाही.

थांबा: "आधारवर आहे तशी दाखल्यावर तारीख करून द्या" असं शाळेला सांगू नका. पेन्शन लवकर मिळावी म्हणून आधारवर वय वाढवून घेणंही टाळा. ती तारीख पुढे विम्यात, वारसात, मुलांच्या कागदांत आडवी येते, आणि ती बदलायची एकच संधी तुम्ही संपवलेली असते.

## ३. मूळ कागदातच चूक असेल तर

मूळ कागद बरोबर असेल तर ही पायरी सोडा.

शाळेचा दाखला: पोरगं शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाकडे प्रस्ताव जातो आणि दुरुस्ती होते. दाखला हातात पडला की तेच काम महाकठीण होतं. म्हणून दहावीचा फॉर्म भरायच्या आधी जनरल रजिस्टरमधली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. निकालानंतर रडणारे आईबाप मी दर जूनमध्ये बघतो.

सातबारा: नाव टाइप करताना चुकलं असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज. सोबत जुना हस्तलिखित सातबारा किंवा फेरफाराची नक्कल लावा, म्हणजे चूक टायपिंगची आहे हे दिसेल. वारस लागायचे राहिलेत तर ते प्रकरण निराळं. तिथे १५५ चालत नाही, वारस फेरफार करावा लागतो.

नावच बदललं असेल तर शासकीय राजपत्रात जाहिरात. अर्ज ऑनलाइन होतो. राजपत्राचं ते पान आयुष्यभर लागतं, म्हणून फाइल दोन ठिकाणी ठेवा.

शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर "दोन्ही नावं माझीच" असं प्रतिज्ञापत्र करून देणारे तहसीलच्या आवारात खूप भेटतील. आधार केंद्रावर त्या एका कागदावर नाव बदलत नाही. आणि जात, उत्पन्न, रहिवास अशा शासकीय दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. तिथे पाचशेचा कागद घ्यायला लावलं तर नियम विचारा.

## ४. आता आधार केंद्र

घरून निघताना एका कोऱ्या कागदावर नाव मराठीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहून न्या. तोंडी सांगू नका. पुराव्याचा मूळ कागद न्या, झेरॉक्स चालत नाही. नाव, तारीख, पत्ता असं सगळं एकाच फेरीत बदलून घ्या. त्याच वेळी मोबाईल नंबरही जोडून घ्या. केंद्रावर मोबाईल जोडायला वेगळा कागद लागत नाही. नंबर घरातल्याच माणसाचा द्या. दुकानदाराचा किंवा मुकादमाचा नंबर जोडला तर तुमचे ओटीपी त्यांच्याकडे जातात.

नवीन आधार फुकट आहे. ऑक्टोबर २०२५ पासून नाव-पत्त्याच्या बदलाला ७५ रुपये, बोटं-डोळे नव्याने घ्यायला १२५ रुपये. मुलांचं ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयातलं बायोमेट्रिक मोफत आहे. ते राहिलं तर शिष्यवृत्तीच्या वेळी आधार अडतं. जास्त पैसे मागितले तर पावती मागा आणि १९४७ या नंबरवर तक्रार करा. पावतीचा शब्द काढला की बऱ्याचदा दर आपोआप उतरतो.

बोटांचं काय? कापूस वेचणाऱ्या, वीटभट्टीवरच्या, केळीच्या बागेतल्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजतात. केळीचा चिक बसला तर यंत्राला नुसता काळा डाग दिसतो. केंद्रावर जायच्या आधी दोन दिवस चिकात हात घालू नका. रात्री खोबरेल चोळा, सकाळी साबणाने धुऊन कोरडे करा. भेगा पडल्या असतील तर हिवाळा संपेपर्यंत थांबलेलं बरं. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांची नोंद नीट झाली का ते मुद्दाम विचारा, कारण पुढे बोटं दगा देतात तेव्हा डोळेच कामी येतात.

ऑपरेटर टाइप करत असताना पडदा तुमच्याकडे वळवायला सांगा. इंग्रजी नाव टाकलं की मराठी आपोआप उमटतं आणि तिथेच पावराचं पवार होतं. मराठी ओळ वेगळी वाचा.

तपासा: पावती हातात घेऊन केंद्रातच, उभ्या उभ्या वाचा. चूक त्याच दिवशी लक्षात आली तर निस्तरता येते. घरी येऊन दिसली तर नाव बदलायची एक संधी गेली. पावती जपून ठेवा, अर्ज कुठवर आला हे तिच्यावरच्या क्रमांकाने कळतं.

## ५. पुढचे कागद, याच ओळीत

बँक. आधी बँक, कारण अनुदान तिथेच येतं. खात्याला आधार "लिंक" असणं, म्हणजे बँकेकडे नुसता नंबर नोंदलेला असणं, आणि "सीडिंग" असणं, म्हणजे सरकारी पैसा याच खात्यात यावा अशी नोंद असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे सगळ्यात शेवटी सीडिंग केलेल्या खात्यात जातात. कुणी सिमकार्ड घेताना किंवा मोबाईलवर नवं खातं उघडताना होकार दिलेला असतो आणि अनुदान त्या विसरलेल्या खात्यात पडत राहतं. "पैसा उनाच नही" (आलाच नाही) म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचा पैसा असा दुसरीकडे सापडलाय. आधार प्राधिकरणाच्या माय-आधार पोर्टलवर सध्या कोणती बँक जोडली आहे ते दिसतं.

रेशन. यंत्रातली नोंद दुरुस्त करून घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करून घ्या. सुरतला उधना-लिंबायतमध्ये कामाला असलेल्यांनी त्यासाठी गावी यायची गरज नाही, तिथल्या रेशन दुकानातही ती होते. एकट्याची राहिली तर त्या माणसाचं धान्य कापलं जाण्याची भीती असते, म्हणून दिवाळीनंतर मजुरीला निघायच्या आधीच उरकून घ्या.

शेतकरी ओळख क्रमांक. आधार आणि सातबारा दोन्हींवरचं नाव एक झाल्यावरच काढा. सामाईक खात्यात प्रत्येक भावाने आपापला काढायचा. मोठ्या भावाने काढला म्हणजे सगळ्यांचा झाला असं नाही. यावल-रावेरच्या केळीवाल्यांचा विमा अर्ज इथेच अडकतो.

मतदार यादी. नाव-पत्त्याच्या दुरुस्तीला अर्ज ८. आधार देण्याचा अर्ज ६ ब ऐच्छिक आहे. तो भरला नाही म्हणून नाव उडवता येत नाही. कार्ड घरात आहे म्हणून निश्चिंत राहू नका, नाव यादीत आहे का ते पाहा. हंगामी मजुरीला गेलेल्यांना "स्थलांतरित" दाखवून नाव वगळायचा अर्ज होऊ शकतो. त्यांनी लक्षात ठेवावं, लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० चं कलम २० सांगतं की तात्पुरतं बाहेर गेल्याने माणूस गावचा रहिवासी असणं थांबत नाही. ऊस तोडायला सहा महिने गेलेला माणूस गावचाच मतदार. नोटीस आली तर हेच लेखी उत्तर द्या. नाव गेलंच असेल तर अर्ज ६.

## ६. तरीही नाही म्हणाले तर

दुरुस्तीला महिने लागतात. तेवढे महिने उपाशी राहायचं का? नाही. दुरुस्ती आणि हक्क या गाड्या वेगळ्या रुळांवर चालवा.

आधार नाही, जोडलेलं नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून कुणाचं धान्य नाकारू नये, असं केंद्राच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्रात राज्यांना कळवलं आहे. अंगठा लागला नाही तर डोळ्यांनी किंवा ओटीपीने प्रयत्न करायचा, तोही फसला तर वेगळ्या अपवाद नोंदवहीत नोंद करून धान्य द्यायचं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांसाठी दुसऱ्या माणसाची नेमणूकही करता येते. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, हे अन्न सुरक्षा कायदा २०१३ ने दिलेलं आहे. हक्काचं धान्य मिळालं नाही तर त्याच कायद्याचं कलम ८ अन्न सुरक्षा भत्ता देतं.

दुकानात भांडत बसू नका. दुकानदारही त्या यंत्रापुढे हात टेकलेला असतो. असं करा:

१. "अंगठा लागत नाही" हे यंत्रावर दिसतं त्याचा फोटो किंवा फसलेल्या व्यवहाराची चिठ्ठी घ्या.
२. त्याच दिवशी १९६७ वर तक्रार करा, तक्रार क्रमांक वहीत लिहा.
३. तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या. दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही.
४. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर जिल्हा पुरवठा अधिकारी. मग लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी तक्रारी ऐकतात तो दिवस: तालुक्याला महिन्याचा तिसरा सोमवार, जिल्ह्याला पहिला.

अर्ज लांबलचक नको. एवढं पुरे:

"माझा शिधापत्रिका क्रमांक अमुक. दिनांक अमुक रोजी अमुक क्रमांकाच्या दुकानात अंगठा न जुळल्याने या महिन्याचं धान्य मिळालं नाही. पर्यायी पद्धतीने ओळख पटवून धान्य देण्यात यावं आणि दुकानातील अपवाद नोंदवहीत नोंद घ्यावी. धान्य देता येत नसल्यास त्याचं कारण मला लेखी कळवावं."

शेवटचं वाक्य कधीच गाळू नका. तोंडी नकार देणाऱ्याला लेखी कारण द्यायची वेळ आली की पुष्कळदा रस्ता निघतो. खिडकीवरचा माणूस पोच द्यायला तयार नसेल तर अर्ज तिथेच ठेवून येऊ नका. आवक-जावक टेबलावर द्या, तिथेही नाहीच घेतला तर पोस्टात जाऊन रजिस्टर एडीने पाठवा.

शाळेचं थोडक्यात: आधार नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आहे. मुख्याध्यापकांशी गोडीने बोला, निकालाची तारीख सांगा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. आपले सरकारच्या सेवांसाठी अर्ज केला असेल तर पावतीवर मुदत छापलेली असते. मुदत टळली की सेवा हक्क कायदा २०१५ खाली अपील करा.

## ७. कार्ड आणि अंगठा सांभाळा

मूळ कार्ड कुणाकडे तारण ठेवू नका. उचल देताना काही मुकादम आधार आणि पासबुक "सांभाळायला" घेतात. हे वेठबिगारीकडे जाणारं वळण आहे, आणि वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद आहे. कार्ड अडकलंच असेल तर मोबाईलवरून उतरवलेलं ई-आधार तितकंच वैध आहे. फक्त तुमचा नंबर जोडलेला हवा.

लॉजवर, सिमच्या दुकानात, भाडेकराराला फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार द्या. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला. अक्षरं छापील मजकुरावरून जाऊ द्या, कोपऱ्यात लिहिलेलं कापता येतं. गावच्या ग्रुपवर यादीसाठी कार्डाचे फोटो टाकणं बंद करा. सरपंचांनी मागितलं तरी.

मिनी बँकेत, म्हणजे अंगठ्यावर पैसे काढून देणाऱ्या दुकानात, "लागला नाही, परत लावा" असं ऐकलं तर दुसऱ्यांदा बोट ठेवण्याआधी पहिल्या व्यवहाराची चिठ्ठी मागा. पैसे गेल्याचं कळताच १९३० वर तक्रार आणि बँकेत लेखी अर्ज, तोही तीन कामकाजाच्या दिवसांत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तुमची आणि बँकेची चूक नसेल तर या मुदतीत कळवलेल्या फसवणुकीचा भुर्दंड ग्राहकावर पडत नाही. माय-आधारवर गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं ते दिसतं. महिन्यातून एकदा पाहत जा.

याहून पक्का उपाय म्हणजे बायोमेट्रिकला कुलूप. एम-आधार ॲपमधून लागतं, पैसे पडत नाहीत. पण कुलूप लागलं की रेशनच्या यंत्रावरही अंगठा चालत नाही. मी आईचं कुलूप मोठ्या हौसेने लावून दिलं आणि सांगायला विसरलो. ती दोन तास रांगेत उभी राहून रिकामी पिशवी घेऊन परत आली. त्या दिवशी मी जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तात्पुरतं उघडलेलं कुलूप दहा मिनिटांत पुन्हा लागतं, म्हणून घरून उघडून निघू नका. रांगेत पुढे दोन माणसं उरली की उघडा.